समुद्रतळाखालची न मोडायची ठेव

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतर खडवली स्थानक लागते. स्थानकापासून थोड्याच अंतरावर भातसा नदी वाहते. पावसाळा ओसरला की तिच्या पात्रातला काळा कातळ उघडा पडतो आणि सुटीच्या दिवशी मुंबई-ठाण्याकडून आलेली कुटुंबे त्यावर विसावतात. हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला दख्खनचा बसाल्ट म्हणतात. त्याचे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले असून सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरांपर्यंत जाते. पनवेलच्या पट्ट्यात हे थर पश्चिमेकडे झुकू लागतात, मुंबईच्या पोटाखालून जातात आणि अरबी समुद्राखाली उतरतात. तेथे त्यांच्यावर कोट्यवधी वर्षांत चुनखडीचे आणि चिखलापासून बनलेल्या पंकाश्माचे थर साचले. याच थरांत १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजावरील खोदकामात तेल सापडले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोहोचले.

गेल्या काही वर्षांपासून समुद्राखालच्या याच थरांचा विचार एका वेगळ्या कामासाठी होऊ लागला आहे. कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, वातावरणात जाण्यापूर्वीच पकडायचा, दाबून द्रवासारखा दाट करायचा आणि समुद्रतळाखाली हजार-दोन हजार मीटर खोल असलेल्या सच्छिद्र खडकांत कायमचा ठेवून द्यायचा, अशी ही योजना आहे. ऐकताना ती एखाद्या विज्ञानकथेसारखी वाटते. पण नॉर्वेच्या समुद्रात हे काम १९९६ पासून अखंड चालू आहे. आपल्या समुद्रात ते अजून सुरू झालेले नाही. मात्र त्याचे हिशेब मांडले जाऊ लागले आहेत आणि त्या हिशेबांत ठाणे-रायगडचे उद्योग, मुंबईचा समुद्र आणि सामान्य माणसाच्या घराची किंमत या तिन्ही गोष्टी येतात. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

इंधन बदलले तरी न थांबणारा वायू

पहिला प्रश्न साहजिकच असा येतो की, वायू पकडून गाडण्याचा खटाटोप कशासाठी? कोळसा जाळणे थांबवावे, सौर आणि पवन ऊर्जा वापरावी, म्हणजे झाले. विजेपुरता हा आक्षेप बराचसा बरोबर आहे. डहाणू किंवा तुर्भे येथे कोळशावर जी वीज तयार होते, तीच वीज सूर्यप्रकाशापासूनही मिळवता येते. पण सर्व उद्योगांची गोष्ट अशी नाही.

सिमेंटचे उदाहरण घ्यावे. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजावी लागते. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंतून ४४ किलो कर्बवायू निघून जातो आणि ५६ किलो चुना उरतो. हे रसायनशास्त्राचे साधे समीकरण आहे. भट्टी उद्या संपूर्णपणे सौरविजेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटणारच, कारण हा वायू इंधनातून नव्हे, तर दगडातून येतो. सिमेंट कारखान्याच्या एकूण उत्सर्जनात हा दगडातला वाटा निम्म्याहून अधिक असतो.

पोलादाचीही तीच अडचण आहे. लोहखनिजातला प्राणवायू काढून घेण्यासाठी झोतभट्टीत कोकमधला कार्बन वापरतात आणि त्या क्रियेतूनच कर्बवायू बनतो. या पद्धतीने एक टन पोलाद बनवताना साधारण दोन टन किंवा त्याहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. खडवलीच्या पुढच्याच स्थानकावर, वासिंद येथे, पोलादी पत्र्यावर मुलामा चढवण्याचा मोठा कारखाना आहे. त्या कारखान्याच्या परिसरात धूर फारसा दिसत नाही. पण पत्रा ज्या भट्टीत जन्माला येतो तेथे त्याचा हिशेब आधीच लागलेला असतो. खतनिर्मिती, तेलशुद्धीकरण आणि रसायने यांचेही थोड्याफार फरकाने असेच आहे.

पोलादासाठी हायड्रोजन वापरण्याचे प्रयोग जगात चालू आहेत आणि सिमेंटमध्ये राख व भट्टीची मळी मिसळून चुनखडीचा वापर कमी करण्याचे काम आपल्याकडे पूर्वीपासून होते. तरीही काही वायू उरतोच. समुद्रतळाखालच्या साठवणुकीचा खरा विषय हा उरलेला वायू आहे.

चालू खाते आणि ठेव

वायू पकडण्याची कला नवी नाही. १९३० मध्ये अमेरिकेत तिच्या मूळ पद्धतीचे पेटंट घेतले गेले. अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून धूर सोडला की ते द्रावण कर्बवायूला धरून ठेवते आणि बाकीचे वायू निघून जातात. मग ते द्रावण साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की धरलेला वायू शुद्ध रूपात सुटतो आणि द्रावण पुन्हा वापरता येते. यात खर्च होतो तो मुख्यतः उष्णतेचा. कोळशावरच्या वीजकेंद्राला अशी यंत्रणा जोडली तर त्याच्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा वायू पकडण्यातच जाऊ शकतो.

आपल्या परिसरात हे काम अनेक दशके चालू आहे, फक्त ते या नावाने कोणी ओळखत नाही. तुर्भे आणि अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत अमोनिया बनवताना कर्बवायू वेगळा काढतात आणि तोच अमोनियाशी संयोग करून युरिया बनवण्यासाठी वापरतात. एक टन युरियात सुमारे ७३० किलो कर्बवायू बांधला जातो. हा युरिया भाताच्या शेतात पडला की काही दिवसांत विघटन होऊन तो वायू पुन्हा मोकळा होतो. शीतपेयांचेही तसेच आहे. कारखान्यातून मिळवलेला शुद्ध कर्बवायू बाटलीत भरतात आणि झाकण उघडताच तो फसफसून हवेत जातो.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे चालू खाते झाले. रक्कम आली आणि लगेच निघून गेली. वातावरणाचा भार कमी व्हायचा असेल तर रक्कम ठेवीत गेली पाहिजे आणि ती ठेवही अशी हवी की, जी कोणालाही, कधीही मोडता येणार नाही. पकडणे जुने आहे. कायमचे ठेवणे ही नवी गोष्ट आहे. या दोहोंत गल्लत झाली की, कोणत्याही कारखान्याला आपण पर्यावरणाची सेवा करत असल्याचे सांगता येते.

उत्तर समुद्रातील तीस वर्षे

कायमची ठेव शक्य आहे हे नॉर्वेने दाखवले. त्याची सुरुवात मात्र कोणा पर्यावरणवाद्याच्या आग्रहातून झाली नाही. ती करामुळे झाली. नॉर्वेने १९९१ मध्ये कर्बवायूवर कर बसवला. उत्तर समुद्रातील ‘स्लाइप्नर’ या वायुक्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे नऊ टक्के कर्बवायू होता आणि ग्राहकाला तो अडीच टक्क्यांच्या आत हवा होता. वेगळा काढलेला कर्बवायू हवेत सोडला तर कर भरावा लागणार होता. तेव्हा कंपनीने हिशेब केला आणि समुद्रतळाखालच्या ‘उत्सिरा’ नावाच्या वालुकाश्माच्या थरात तो सोडणे स्वस्त पडेल असे ठरवले. १९९६ पासून तेथे वायू उतरवला जात असून अनेक वर्षे त्याचे प्रमाण वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास होते. ठरावीक काळाने ध्वनिलहरी पाठवून त्या थराचे चित्र घेतले जाते आणि वायू कोठवर पसरला आहे हे नकाशावर पाहिले जाते.

हा वायू वर का येत नाही? सुमारे ८०० मीटरांपेक्षा अधिक खोलीवर दाब आणि उष्णता इतकी असते की कर्बवायू द्रवासारखा दाट होतो. जमिनीवर जो वायू पाचशे घनमीटरांहून अधिक जागा व्यापेल, तो तेथे दीड-दोन घनमीटरांत मावतो. वालुकाश्म स्पंजासारखा सच्छिद्र असतो. या छिद्रांत मूळचे खारे पाणी असते. त्याला बाजूला सारून वायू शिरतो. वरती पंकाश्माचा घट्ट थर झाकणासारखे काम करतो. काळ जातो तसा काही वायू छिद्रांत अडकून बसतो, काही खाऱ्या पाण्यात विरघळतो आणि अखेरीस काही भाग खनिज बनून दगडाचाच अंश होतो. म्हणजे ही ठेव जितकी जुनी होते तितकी अधिक सुरक्षित होते. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीने २००५ च्या अहवालात म्हटले होते की, नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या जागी हजार वर्षांनंतरही ९९ टक्क्यांहून अधिक वायू जागच्या जागी राहण्याची शक्यता आहे.

याचा पुढचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. नॉर्वेतील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला चार लाख टन कर्बवायू पकडण्याची यंत्रणा सुरू झाली. तेथे तो थंड करून द्रवरूपात जहाजात भरतात, पश्चिम किनाऱ्यावर नेतात आणि तेथून सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या नळाने समुद्रतळाखाली २,६०० मीटर खोल सोडतात. ‘नॉर्दर्न लाइट्स’ नावाच्या या साठवण प्रकल्पाचा पहिला टप्पा वर्षाला १५ लाख टन क्षमतेचा आहे. इतर कारखान्यांचा आणि इतर देशांचा वायूही मोबदला घेऊन ठेवण्याची तेथे सोय आहे. अर्थात या संपूर्ण साखळीचा सुमारे दोन-तृतीयांश खर्च नॉर्वे सरकारने उचलला आहे, हे विसरता येत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समुद्राच्या पाण्यात वायू सोडणे आणि समुद्रतळाच्या खाली खडकात तो ठेवणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत. पाण्यात वायू मिसळला तर पाणी आम्लधर्मी होते आणि शिंपले, प्रवाळ, सूक्ष्म जीव यांच्या कवचांना इजा होते. जीवदयेचा विचार करणाऱ्या वाचकाला ही शंका प्रथम येईल आणि ती योग्यच आहे. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी झालेल्या ‘ऑस्पार’ करारात २००७ मध्ये पाण्यात किंवा समुद्रतळावर वायू सोडण्यास बंदी घालण्यात आली. समुद्रातील कचरा रोखणाऱ्या ‘लंडन प्रोटोकॉल’मध्ये २००६ साली जी दुरुस्ती झाली, तीही फक्त समुद्रतळाखालच्या खडकांतील साठवणुकीला मुभा देते.

मुंबईच्या समुद्रात किती जागा

आता आपल्या समुद्राकडे येऊ. बॉम्बे हाय, ज्याला आज मुंबई हाय म्हणतात, हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. तेथील तेल समुद्रतळाखाली हजार मीटरांहून अधिक खोल असलेल्या चुनखडीत आहे. १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या सुमारास दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत असे. आता ते दीड लाखांच्या आत आले आहे. ज्या खडकाने कोट्यवधी वर्षे तेल आणि वायू धरून ठेवला, त्याचे झाकण मजबूत आहे हे निसर्गानेच सिद्ध केले आहे. शिवाय अर्धशतकाच्या खोदकामामुळे या थरांची जितकी माहिती हाती आहे, तितकी आपल्या समुद्राच्या दुसऱ्या भागाची क्वचितच असेल. किनाऱ्यावर उरणपर्यंत नळांचे जाळे आहेच.

नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयावर धोरणात्मक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात संपूर्ण देशातील साठवण क्षमतेचा अंदाज ४०० ते ६०० अब्ज टन असा दिला आहे. त्यातील २९१ अब्ज टन खोलवरच्या खाऱ्या पाण्याच्या थरांत आणि ९७ ते ३१६ अब्ज टन बसाल्टमध्ये धरले आहेत. २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याची कल्पना अहवालात मांडली आहे. भारताचे आजचे उत्सर्जन वर्षाला सुमारे ३०० कोटी टन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. त्याच वर्षी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पवईच्या आयआयटी मुंबईत या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन केले आणि ओएनजीसीने शेल कंपनीबरोबर साठवणुकीच्या अभ्यासासाठी सहकार्य करार केला.

मात्र अंदाज आणि शिल्लक यांत फरक असतो. ४०० ते ६०० अब्ज टन हा कागदावरचा आकडा आहे. प्रत्यक्ष खोदून, तपासून, थोडा वायू सोडून पाहिल्याशिवाय कोणत्याही थराची खरी क्षमता कळत नाही. रिकामे होत आलेले तेलक्षेत्र वापरतानाही आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. कर्बवायू आत सोडला की तळाशी राहिलेले तेल वर ढकलले जाते आणि तेल कंपन्यांना त्यातच रस असतो. या मार्गाने एक टन वायू खाली गेला आणि त्यामुळे मिळालेले तेल जाळून पुन्हा वायू वर आला, तर जमेबरोबर खर्चाची बाजूही त्याच पानावर लिहिली पाहिजे.

खडवलीच्या कातळात का नको

बसाल्टमध्ये इतकी क्षमता असेल तर वायू समुद्रात नेण्यापेक्षा येथल्याच कातळात का ठेवू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. या प्रश्नाला आधार आहे. आइसलँडमधील ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात २०१२ साली पाण्यात विरघळवलेला कर्बवायू बसाल्टमध्ये सोडण्यात आला आणि त्यातील ९५ टक्के दोन वर्षांच्या आत खनिज बनला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. बसाल्टमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वायूशी संयोग पावून त्याचा दगड करतात. याहून पक्की ठेव नाही.

पण या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे २५ टन पाणी लागते. भातसेचे पाणी धरणातून, जलवाहिन्यांतून मुंबईला जाते आणि धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा खोऱ्यात वायू पुरण्यासाठी गोडे पाणी मागणे कोणालाही शोभणार नाही. दुसरे असे की, आइसलँडचा बसाल्ट तरुण आहे. दख्खनचा बसाल्ट फार जुना असून त्यातील बरीच छिद्रे झिओलाइटसारख्या खनिजांनी आधीच भरलेली आहेत. तो किती वायू स्वीकारील हे प्रयोगानेच ठरेल.

तिसरा मुद्दा लोकवस्तीचा. कर्बवायू जळत नाही. पण तो हवेपेक्षा जड आहे आणि सखल जागी साचला तर प्राणवायूला हटवतो. आफ्रिकेतील कॅमेरून देशात २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस सरोवरातून निसर्गतःच प्रचंड प्रमाणात हा वायू उसळला आणि सुमारे १,७०० माणसे झोपेतच मरण पावली. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात वायूची नळवाहिनी फुटली, तेव्हा ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१६ आणि २०२४ मधील डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील स्फोट ज्यांनी अनुभवले, त्यांना वस्तीतून जाणाऱ्या दाबाखालच्या नळांविषयी वेगळे सांगायला नको. साठा समुद्राखाली असला तरी किनाऱ्यापर्यंतचा प्रवास जमिनीवरूनच होणार आहे. म्हणून नळाचा मार्ग, त्यावरील झडपा, गळतीची सूचना देणारी यंत्रणा आणि आसपासच्या रहिवाशांचे प्रशिक्षण या गोष्टी आराखड्याच्या पहिल्या पानावर हव्यात, परिशिष्टात नव्हेत.

घराच्या हिशेबात किती भर

या कामाचा खर्च शेवटी ग्राहकाकडूनच वसूल होईल. तेव्हा तो किती, हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. कल्याणजवळच्या एका इमारतीत ६०० चौरस फुटांची सदनिका आहे असे समजू. बांधकामातील प्रचलित ढोबळ प्रमाणानुसार चौरस फुटाला ०.४ गोणी धरली तर २४० गोण्या, म्हणजे १२ टन सिमेंट लागेल. टनामागे ०.६ टन कर्बवायू धरला तर ७.२ टन वायू झाला. तो पकडून, वाहून नेऊन समुद्रतळाखाली ठेवण्याचा खर्च उदाहरणापुरता टनाला ५,००० रुपये मानला, तर एकूण ३६,००० रुपये होतात.

सिमेंटच्या एका गोणीवर हा बोजा १५० रुपयांचा पडतो. सिमेंट कंपनीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. स्पर्धक कंपनी तो सोसत नसेल तर सोसणारी कंपनी बाजारातून उठेल. पण सदनिकेची किंमत ४० लाख रुपये असेल, तर हाच खर्च एक टक्क्याहूनही कमी भरतो. मुद्रांक शुल्काच्या तुलनेत तो किरकोळ आहे. म्हणजे अडचण समाजाला न परवडण्याची नाही. एकट्या कारखान्यावर भार टाकण्याची आहे. सर्व कारखान्यांना एकच नियम लागू झाला, तरच हा खर्च वाटला जाऊन हलका होतो. नॉर्वेच्या १९९१ च्या करातून हाच धडा मिळतो.

भारतात २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आहे. तीत उद्योगांना उत्पादनामागील उत्सर्जनाचे उद्दिष्ट दिले जाते. त्याहून चांगली कामगिरी करणाऱ्याला विक्रीयोग्य प्रमाणपत्र मिळते आणि मागे पडणाऱ्याला ते विकत घ्यावे लागते. दुसरा रेटा बाहेरून येत आहे. युरोपीय महासंघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या आयातीवर कर्बवायूच्या प्रमाणात आकार लावण्याची व्यवस्था केली असून तिचा प्रत्यक्ष अंमल १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. या यादीत लोखंडी नट, बोल्ट आणि स्क्रूही आहेत. अंबरनाथ, डोंबिवली किंवा वागळे इस्टेटमधला लहान कारखानदार असा माल युरोपला पाठवत असेल, तर त्याच्या पोलादातील कर्बवायूचा तपशील त्याच्याकडेच मागितला जाईल. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून माल घेताना भावाबरोबर हा आकडाही विचारण्याचे दिवस आले आहेत.

ठेव सुरक्षित असल्याची हमी कोणाची

सर्वांत कठीण प्रश्न खर्चाचा नसून हमीचा आहे. कंपनीचे आयुष्य पन्नास-शंभर वर्षांचे. ठेव हजारो वर्षांची. ठेव स्वीकारणारी संस्था बंद पडली तर जबाबदार कोण? युरोपीय महासंघाने २००९ च्या निर्देशात याचे उत्तर दिले आहे. साठवण बंद केल्यानंतर साधारणतः किमान वीस वर्षे चालकाने लक्ष ठेवायचे, वायू पूर्ण आणि कायमचा बंदिस्त असल्याचे सिद्ध करायचे, पुढील देखरेखीसाठी पैसे भरायचे आणि मगच जबाबदारी सरकारकडे जाते. आपल्याकडे असा सर्वंकष कायदा घडायचा आहे. समुद्रतळाखालच्या रिकाम्या जागेचा मालक कोण, परवाना कोण देणार, गळतीची भरपाई कोणी द्यायची, हे आधी ठरले पाहिजे.

तांत्रिक अपेक्षाही प्रत्येक वेळी पुऱ्या होतातच असे नाही. नॉर्वेच्याच ‘स्नोव्हिट’ क्षेत्रात २००८ मध्ये वायू सोडायला सुरुवात केल्यावर थरातील दाब अंदाजापेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये दुसरा थर निवडावा लागला. ऑस्ट्रेलियातील ‘गॉर्गन’ प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे चाळीस लाख टनांचे उद्दिष्ट असताना प्रत्यक्षात तो बराच मागे राहिला. मुंबई हायमध्ये शेकडो विहिरी खोदलेल्या आहेत. प्रत्येक जुनी विहीर म्हणजे झाकणाला पाडलेले एक छिद्र आहे. ती सर्व शोधून, सिमेंटने नीट बंद करून आणि पुन्हा तपासून घेतल्याशिवाय तेथे वायू ठेवणे म्हणजे तिजोरीला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय. देखरेखीसाठी समुद्रात जी सर्वेक्षणे होतील, त्या काळात किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांच्या रोजीरोटीत खंड पडेल. त्यांना आधी विचारणे आणि भरपाई ठरवणे हा खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

आज संपूर्ण जगात वर्षाला सुमारे पाच कोटी टन कर्बवायू पकडण्याची क्षमता उभी आहे आणि जगाचे उत्सर्जन ३,७०० कोटी टनांच्या घरात आहे. म्हणजे हजारात जेमतेम एक-दीड. तेव्हा ‘पुढे वायू पुरता येईलच’ या भरवशावर आज नवीन धुराडी उभारणे, हे पगारवाढ होईल या आशेवर कर्ज काढण्यासारखे आहे. वीज जितकी सूर्य-वाऱ्यापासून मिळेल तितकी घ्यावी, सिमेंट आणि पोलाद काटकसरीने वापरावे, टिकतील अशा इमारती बांधाव्यात आणि एवढे करूनही जो वायू टळत नाही, त्यासाठीच समुद्रतळाखालची मर्यादित जागा राखून ठेवावी. हा क्रम उलटला तर जागाही जाईल आणि पैसाही.

भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. आज शाळेत असलेली मुले तेव्हा साठीच्या आसपास असतील. मधल्या काळात मुंबईच्या समुद्रात असा प्रकल्प येण्याची शक्यता बरीच आहे आणि त्यासाठी जनसुनावणी झाली, तर ठाणे-रायगडच्या नागरिकांनी तेथे तीन गोष्टी विचाराव्यात. हा वायू खरोखरच टाळता न येणारा आहे का? दरवर्षी किती टन खाली गेला आणि किती तेथेच राहिला, याचे स्वतंत्र लेखापरीक्षण लोकांसमोर मांडले जाईल का? आणि कंपनी नसेल तेव्हा जबाबदारी कोणाची, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळत असतील, तर अशा प्रकल्पाचे स्वागत करायला हरकत नाही. न मिळत असतील, तर पहिला टन खाली जाण्यापूर्वीच त्यांचा आग्रह धरावा, कारण या ठेवीत झालेली चूक पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात दुरुस्त करता येणार नाही.